झोक्यावरून पडलेल्या वत्सलाच्या गावात

माझ्या आईनं पंचेचाळीस वर्षं एका मुलीचा शोध घेतला नाही. ती सापडली तर तिच्याकडं बघायचं कसं, हे आईला ठाऊक नव्हतं. या जानेवारीत ती मुलगी सापडली. म्हणजे आता ती काही मुलगी राहिलेली नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई आहे आणि केरळात, समुद्राला चिकटून वसलेल्या तलश्शेरी नावाच्या छोट्याशा, दाटीवाटीच्या शहरात राहते. तिला भेटायला मी आणि आई गेलो होतो. तिकडं कुणी जाणार असेल त्याला उपयोग होईल म्हणून, आणि कुणी नसेल जाणार त्याच्यासाठी तर जास्तच, हे लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगायला हवं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, आमखास मैदानावर सर्कस उतरली होती. वडील गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडायच्या कामाला होते. सर्कशीचा मॅनेजर तिथं साटीन घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, आमचा शिंपी टायफॉइडनं पडलाय. वडील म्हणाले, "माझी बायको शिवती की!" झालं. महिनाभर आई तंबूच्या मागं बसून पोशाख शिवायची, टिकल्या लावायची. शाळा सुटली की मीही तिथंच.

आईला त्या जागेचं फार अप्रूप वाटलं. ती अजिंठ्याकडच्या खेड्यातली, बौद्ध वस्तीतली. कुठल्या पाण्याला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे चालायला लागल्यापासून शिकलेली. इथं जेवणाच्या तंबूत जोकर, हत्तीवाला, झोक्यावरच्या पोरी, सगळे एकाच पातेल्यातलं वाढून घ्यायचे. "आडनाव कुणी इचारलंच नाय," असं ती अजूनही सांगते.

वत्सला त्या झोक्यावरच्या पोरींपैकी एक. अठरा वर्षांची, काटक, कुरळ्या केसांची. तिला हिंदी येत होतं, मराठी चार शब्द. आईला ती 'ताई' म्हणायची आणि आईच्या डब्यातली भाकरी हक्कानं मोडून घ्यायची. सर्कशीच्या शेवटच्या दिवशी आम्ही मायलेकी पुढच्या बाकावर बसलो होतो. आईनं शिवलेला नवा निळा पोशाख घालून वत्सला वर चढली. झोका सोडून ती हवेत गेली आणि समोरच्या माणसाच्या हातापर्यंत पोचलीच नाही. जाळीत पडली, जाळीनं तिला उडवलं आणि ती कडेच्या खांबावर आदळली. लोक उभे राहिले. बँड मात्र वाजतच होता. तिला उचलून नेताना आईला दिसलं, पोशाखाचा खांद्यावरचा पट्टा उसवलेला होता.

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात पोचली तोवर सर्कसवाले तिला घेऊन पुढच्या मुक्कामाला निघून गेले होते.

त्यानंतर आईनं माणसाच्या अंगावरचं कापड शिवलं नाही. पिशव्या शिवल्या, अभ्रे शिवले, गोधड्या शिवल्या. माझ्या लग्नातला ब्लाउजसुद्धा बाहेर शिवायला दिला. कारण विचारलं की म्हणायची, "मह्या हातात चूक हाय." आम्हाला वाटायचं, मापाची.

मागच्या वर्षी टीव्हीवर कुठल्याशा कार्यक्रमात झोक्याचे खेळ चालले होते. आता आम्ही राहतो त्या पडेगावात शेजारी लिसी सिस्टर राहते. ती नर्स आहे, मूळची तलश्शेरीची. ती आमच्याकडंच बसली होती. आई एकदम म्हणाली, "बंद कर ते," आणि मग त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं सगळं सांगितलं. लिसी म्हणाली, "आई, सर्कशीतले अर्धे लोक आमच्याच गावचे. तिथं गल्लीत एक तरी सापडतो." आठव्या दिवशी तिनं फोन नंबर आणून दिला. मी लावला, कोण बोलतंय ते सांगितलं आणि आईच्या हातात दिला. पलीकडून "ताई!" अशी आरोळी आली. आईनं फोन माझ्या हातात कोंबला आणि आत निघून गेली.

तीन महिने गेले. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "सुजा, तिकीट काढ. मला तिला तोंडावर इचारायचंय."

तलश्शेरी

आपल्याकडं गाव संपतं, मग शिवार लागतं, मग माळ, मग पुन्हा गाव. या किनाऱ्यावर गाव संपतच नाही. रेल्वेच्या खिडकीतून मी तासभर वाट बघत होते, की आता घरं संपतील आणि मोकळं रान लागेल. नारळीच्या मागं घर, घरामागं नारळी, मध्येच एखादी खाडी आणि खाडीच्या काठावर पुन्हा घरं. आई म्हणाली, "एवढी माणसं राहत्यात कशी? आन् एवढी राहूनबी हिरवं कसं हाय?"

शहर तर अगदी मुठीत मावेल एवढं. स्टेशनावरून निघालेला रिक्षावाला दहा मिनिटांत किल्ला, बाजार, मशीद, चर्च, मासळीबाजार असं सगळं दाखवून मोकळा झाला. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून दुसरी रिक्षा आली की एकानं आरसा मिटायचा. त्याला थोडंफार हिंदी येत होतं. तो अभिमानानं म्हणाला, "हमारा तीन चीज फेमस. क्रिकेट, केक, सर्कस." केक कसा काय, म्हणून मी विचारलं, तर त्यानं सरळ रिक्षा बेकरीसमोर उभी केली. आईनं आयुष्यात पहिल्यांदा सकाळी साडेनऊला केक खाल्ला. "वाढदिवस कुनाचा?" म्हणून मला विचारत होती.

ती वरवर हसत होती, पण रिक्षात माझा दंड तिनं घट्ट धरला होता. वत्सलाचं घर जवळ येत गेलं तशी तिची बोटं रुतत गेली.

घर एका चढत्या बोळात होतं. तांबड्या जांभ्या दगडाचं, पुढं छोटं अंगण, अंगणात विहीर. दारात एक बुटकी, ताठ बाई उभी होती. केस पांढरे, पण तेच कुरळे. आम्हाला बघून तिनं हात जोडले. उजवा हात छातीशी आला. डावा त्याला येऊन मिळाला, पण कोपर अंगाला चिकटलेलंच राहिलं. आईनं तो हात पाहिला आणि ती अंगणातच थांबली. वत्सला पुढं येऊन मिठी मारायला गेली, तर आईनं तळवा दाखवून तिला थांबवलं.

"आधी सांग," आई म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "मह्या शिलाईनं पडलीस का? पट्टा उसवला, तुझा हात अडकला. खरं सांग. मी त्याच्यासाठीच आलेय."

वत्सलाला मराठी किती कळलं कोण जाणे. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हिंदीत सांगितलं.

तेवढ्यात घराच्या आतून एक उंच, थोराड म्हातारा बाहेर आला. हातात मासे कापायची सुरी, लुंगी गुडघ्याशी दुमडलेली. वत्सलाचा नवरा चंद्रन. तो ऐकत होता वाटतं. पायरीवरच थांबून तो म्हणाला, "नहीं अम्मा. सिलाई नहीं. मेरा हाथ लेट हुआ. मैं पकड़नेवाला था. मेरा गलती."

म्हणजे समोरच्या झोक्यावरचा तो माणूस हाच!

आईनं मान हलवली. "न्हाय न्हाय. म्या डोळ्यानं पाह्यलंय. पट्टा उसवला हुता."

"मेरा हाथ लेट हुआ," चंद्रन पुन्हा म्हणाला, जरा चिडूनच.

"दोनों झूठ!" वत्सला ओरडली. मग ती विहिरीच्या कठड्यावर बसली आणि तिनं जे सांगितलं ते मी आईला वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले. त्या दिवशी सकाळी चंद्रननं तिला सांगितलं होतं, की तो दुसऱ्या सर्कशीत चाललाय. तिच्याशी लग्नाचं बोलून ठेवलेलं, आणि हा असा निघाला. वर चढली तेव्हा ती रागानं पेटली होती. झोका सोडायला तीन मोजायचे असतात. तिनं दोनवरच सोडला.

"गुस्से में छोड़ा. इसको दिखाने को. वो क्या पकड़ेगा?" ती म्हणाली. "और पट्टा तो नेट के हुक में फटा, गिरने के बाद. बाकी तेरा सिलाई इतना पक्का था ताई, डॉक्टर ने हाथ से खींचा तो नहीं फटा. कैंची लाना पड़ा."

शेजारच्या घरातला कुकर शिट्टी देऊन थांबला. आई हळूच कठड्यावर वत्सलाशेजारी बसली. बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"म्हंजे पंचेचाळीस वर्सं म्या फुकटच..." ती म्हणाली.

'फुकट' हा शब्द चंद्रनला बरोबर कळला. सुरी खाली ठेवून तो म्हणाला, "मेरा भी, अम्मा. पैंतालीस साल फुकट. ये आज बोल रही है!"

मग जे हसू फुटलं! आई रडता रडता हसत होती. वत्सला उजव्या हातानं तिच्या पाठीवर थापा मारत होती आणि तो एवढा थोरला गडी बायकोकडं बोट दाखवून, आम्हाला साक्षीदार धरून मल्याळममध्ये काहीतरी तावातावानं सांगत होता. नंतर कळलं, की ती पडली म्हणून तो सर्कस सोडून गेलाच नाही. दवाखान्यात सेवा केली, लग्न केलं. वत्सला झोक्यावर परत कधी चढली नाही. डावा हात खांद्याच्या वर जातच नाही. पुढं वीस वर्षं तिनं एकचाकी सायकल चालवली आणि कुत्र्यांचे खेळ केले.

"एक साल रोया मैं," तिनं मला एकटीला स्वयंपाकघरात सांगितलं. "रोज. नीचे बैठ के ऊपर देखना, वो बहुत बुरा लगता है." एवढंच. मग तिनं गॅस मोठा केला.

पाणी, भात आणि भाकरी

आम्ही एका लॉजमध्ये खोली ठरवली होती. वत्सलानं ती फोनवरच रद्द करून टाकली.

सकाळी उठले तर आई विहिरीपाशी. बादली हातात, चेहरा असा, जणू कुणी तिची थट्टा केलीय. पाणी एवढं वर होतं, की चार हात दोर पुरेसा. समुद्र दोनशे पावलांवर आणि पाणी गोड! आमच्याकडं पडेगावला नळ आठवड्यानं येतो. तोवर पिंपं, टाक्या, घागरी सगळं भरून ठेवायचं आणि भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालायचं. इथं तर घराघरात विहीर, दोन घरांमधल्या भिंतीलाही विहीर. आईनं त्या सकाळी न्हाऊन घेतलं, अंगण धुतलं, पायऱ्या धुतल्या, तुळशीसारखं दिसणारं एक झाड धुतलं. चंद्रन ओसरीवर पेपर वाचत होता. तो हळूच पाय वर घेऊन बसला, आपलेही धुतले जातील या भीतीनं असावं.

खाण्याचं सांगायचं तर वेगळी वहीच लागेल. तिथली बिर्याणी आपल्यासारखी लांब तांदळाची नसते. तांदूळ जिऱ्याएवढा बारका, वास मात्र खोलीभर. रंग साधा, मसाला खाली दडलेला. मी नान-खलिया खात वाढलेली. आमच्या शहराबाहेर कुणाला मटणातलं कळतं, यावर माझा विश्वास नव्हता. तो तिथं मोडला. शिंपल्यांत तांदळाचं पीठ आणि खोबरं भरून आधी उकडतात, मग तळतात. ते शिंपले आईनं आधी नाक मुरडून पाहिले. "हे दगडाला चिकटलेलं असतंय ना?" म्हणाली. मग सात खाल्ले.

पण तिसऱ्या जेवणाला तिला भात नको झाला. दुपारी भात, रात्री भात, सकाळी तांदळाच्या शेवयांचं पांढरंशुभ्र इडिअप्पम. तिनं पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं. मला माहीतच नव्हतं, की दोन किलो पीठ आम्ही एवढ्या लांबून वाहून आणलंय. ओट्यावर थापायला परात मिळेना. मग एक मोठं स्टीलचं ताट उलटं घातलं. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावर पाणी फिरवलं, तोच वास गेला आणि वत्सला बाहेरच्या खोलीतून धावत आली. तिनं भाकरी तव्यावरूनच मोडली. बोटं भाजली तरी सोडली नाही. तोंडात घास असतानाच तिनं फोन उचलला आणि कुणाकुणाला हाका मारल्या.

अर्ध्या तासात घरात चार बायका जमल्या. सगळ्या सर्कशीतल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. एक तोंडात सुऱ्या झेलायची, दोघी बहिणी तारेवरच्या, आणि एक मोटारसायकलवाली. मौत का कुआँ! ती सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात गप्प. त्या सगळ्यांनी महाराष्ट्र पालथा घातलेला. जालना, परभणी, नांदेड, लातूर अशी गावांची नावं त्या अशी घेत होत्या, जणू माहेरच्या गल्ल्या. एकीनं विचारलं, "ठेचा है क्या?" होता. आई थापत राहिली, त्या खात राहिल्या. शेवटी मोटारसायकलवाली पहिल्यांदाच बोलली. शुद्ध मराठीत म्हणाली, "अजून एक."

काव

वत्सलाच्या घरापासून थोड्या अंतरावर झाडीत एक देवस्थान आहे. देऊळ नव्हे. जुनी झाडं, दगडी चौथरा, दोन-तीन छोट्या कौलारू खोल्या. त्याला तिथं 'काव' म्हणतात. हिवाळ्यात तिथं तेय्यम होतात. माणूस रंगतो, मुकुट चढवतो, नारळाच्या कोवळ्या झावळ्यांचा घेर कमरेला बांधतो आणि तेवढ्या वेळापुरता देव होतो. आमच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तेय्यम होतं.

आई यायला तयार नव्हती. "मी देवाला हात जोडत नसते, तुला ठाऊक हाय," मला म्हणाली. मी म्हटलं, जोडू नको, बघायला तर चल. ती आली आणि हाताची घडी घालून एका फणसाखाली उभी राहिली.

चेंडा, म्हणजे तिकडचा ढोल, वाजायला लागला तशी तिची घडी सुटली. हलगीवर वाढलेली बाई ती. तो ताल तिच्या पायात उतरताना मी बघत होते. मुकुटाचा माणूस चौथऱ्यावर आला. चेहरा लालभडक, डोळ्यांभोवती काळ्या वेलबुट्ट्या, घुंगरांचे पाय. तो गिरक्या घ्यायला लागला तसा झावळ्यांचा घेर सुपासारखा उडायचा आणि खालची धूळ आमच्या तोंडावर यायची. गर्दी इतकी, की झाडांवरही माणसं.

वत्सला आईच्या कानाशी सांगत होती. हा जो नाचतोय त्याच्या जातीच्या लोकांना पूर्वी मोठ्या देवळांच्या भिंतीबाहेर उभं राहावं लागायचं. आज मात्र जमीनवाले, घराणेवाले, सगळे याच्यासमोर वाकतात. मी मराठी करून सांगितलं.

आईनं लगेच विचारलं, "आजच्याच दिवशी? आन् उद्या?"

मी ते हिंदीत विचारलं. चंद्रन पलीकडून म्हणाला, "कल वो इलेक्ट्रिशियन. हमारा पंखा इसी ने लगाया."

आई जोरात हसली. आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं.

नाच थांबल्यावर तो लोकांचं ऐकून घ्यायला बसला. माणसं रांगेनं जात होती. आपलं दुखणं, पोराची नोकरी, कोर्टातलं काही. तो प्रत्येकाचा हात हातात घेऊन गाऊन बोलल्यासारखं काहीतरी सांगायचा आणि तळव्यावर हळद ठेवायचा. गर्दीच्या रेट्यात आई आपोआप त्याच्यासमोर गेली. मी मागं खेचायला हात घातला, पण उशीर झाला होता. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि मल्याळममध्ये बोलायला लागला. आई त्याच्या त्या काळ्या-लाल डोळ्यांत सरळ बघत राहिली. त्याचं बोलणं संपल्यावर तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "जयभीम."

मला वाटलं, आता हा रागावणार. पण त्यानं तिच्या तळव्यावर हळद ठेवली, बोटं मिटवली आणि मान हलवली.

तासाभरानं आम्ही निघालो, तेव्हा तो मागच्या बाजूला खुर्चीत बसून शहाळं पीत होता. मुकुट काढलेला, रंग अर्धा पुसलेला, तिशीचा साधा पोरगा. आईला बघून त्यानं शहाळं दुसऱ्या हातात घेतलं आणि मूठ वर केली.

"जयभीम, अम्मा."

घरी येईपर्यंत आई चालताना पायानं ताल धरत होती.

बेटावर

तलश्शेरीपासून जवळच, किनाऱ्यासमोर एक छोटं बेट आहे. नारळी आणि झाडोऱ्यानं भरलेलं, हिरव्या टोपलीसारखं. ओहोटी असली की वाळूतून चालत जाता येतं. चंद्रननं पेपरात भरती-ओहोटीच्या वेळा बघितल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो.

आधी आईला समुद्राची भीती वाटत होती. हा सारखा हलतो कशाला, असं तिचं म्हणणं. पण घोट्याएवढ्या पाण्यात चालताना पायाखालची वाळू निसटली, की ती लहान मुलीसारखी किंचाळायची. वत्सलाही किंचाळायची. बेटाच्या कडेला खडक होते. खडकांत डबकी, डबक्यांत खेकडे, बोटाएवढे पट्ट्यांचे मासे. काळ्या शिंपल्यांच्या रांगाच रांगा. "ह्याच्यातले सात खाल्ले म्या," आई म्हणाली. एक पांढरा बगळा आमच्यासोबत चालत राहिला. आपण पुढं गेलो की तो पुढं, आपण थांबलो की तो थांबायचा.

चूक माझी झाली. फोटो काढत मी वळसा घालून बेटाच्या मागच्या बाजूला गेले आणि सगळ्यांना हाका मारून तिकडं बोलावलं. तिकडून नुसता मोकळा समुद्र दिसत होता, सूर्याखाली चकाकणारा. आम्ही बसलो. शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. वत्सला सांगत बसली, की एकचाकी सायकल शिकताना ती किती वेळा पडली आणि त्यातल्या किती वेळा हत्तीच्या शेणात. परत वळसा घालून आलो, तर आलेली वाट नव्हतीच. तिथं पाणी होतं.

फार खोल नसावं, माझ्या कमरेएवढं. पण ओढ होती. चंद्रननं पेपर खिशातून काढला, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिला. मग वत्सलानं पेपर हिसकावला. तो कालचा होता.

मी घाबरले. खरंच घाबरले. चौऱ्याहत्तर वर्षांची आई, एका हातानं अधू वत्सला, पोहता न येणारी मी. आईला एवढ्या लांब आणून आता हे काय करून बसले! चंद्रन एकटा पाण्यात उतरून अंदाज घेऊ लागला. तेव्हाच खडकांपलीकडून तीन माणसं आली. शिंपले काढणारी, ओली, खांद्यावर जाळीच्या पिशव्या. त्यांच्याकडं एक मोठी, काळी, हवा भरलेली ट्यूब होती. शिंपल्यांच्या पिशव्या ते तिच्यावर ठेवून ओढत नेतात.

आईनं ट्यूब पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, ही तर ट्रॅक्टरची!"

त्या माणसांनी आईकडं पाहिलं, ट्यूबकडं पाहिलं आणि पिशव्या काढून खडकावर ठेवल्या. मग माझी आई, इरकली साडीचा काष्टा मारून, तलश्शेरीच्या किनाऱ्याजवळ अरबी समुद्रावर ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसली. दोघं दोन्ही बाजूंना. मी आणि वत्सला एकमेकींना धरून मागं, चंद्रन आमच्या मागं. एक लाट आली, ट्यूब वर उचलली गेली आणि खाली आली. पुढून आईची आरोळी ऐकू आली.

"लई भारी! अजून येऊ द्या!"

किनाऱ्यावर पोचल्यावर तिला उतरवायला तिघं लागले, कारण ती उतरायलाच तयार नव्हती. माझी एक चप्पल गेली. फोन मात्र मी पिशवीत घालून, पिशवी दातांत धरून वाचवला. त्या माणसांना आईनं उरलेले सगळे लाडू दिले आणि ते तिथंच वाळूत बसून खात राहिले.

परत

माझी रजा पाच दिवसांची. मी शाळेच्या कार्यालयात आहे, परीक्षा तोंडावर आलेल्या. निघायच्या सकाळी मी बॅगा भरल्या. आईच्या बॅगेत एकही साडी नव्हती. बाहेर येऊन पाहिलं, तर चारही साड्या दोरीवर, ठिबकत.

"आई, अगं दोन तासांत गाडी आहे. साड्या कशाला भिजवल्यास?"

"वाळतील की."

"कधी वाळतील?"

"वाळतील चार-आठ दिसांत," ती म्हणाली आणि विहिरीत बादली सोडली.

वत्सला दारात उभी होती. तिनं माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या पालीकडं पाहिलं. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. मी दोघींशी भांडले. गोळ्या कोण देणार, भात सोसेल का, भाषा कशी कळेल. "गोळ्या मला वाचता येत्यात," आई म्हणाली. "आन् भाषेचं काय करायचंय? आम्ही दोघी म्हातारं बोलतो." मी चंद्रनकडं मदतीसाठी पाहिलं. तो पेपरात तोंड घालून बसला होता. या वेळी ताजा होता.

शेवटी तिघंही मला स्टेशनवर सोडायला आले, सोबत ती मोटारसायकलवालीही. गाडी हलली तेव्हा आई हात हलवत नव्हती. ती मोटारसायकलवाल्या बाईशी बोलण्यात गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी संभाजीनगर स्टेशनवर माझा धाकटा भाऊ मिलिंद न्यायला आला. त्यानं माझी बॅग घेतली आणि माझ्या मागं डब्याच्या दाराकडं बघत राहिला. सगळे उतरले. दार रिकामं झालं.

"आई?"

"राहिली."

"राहिली म्हंजे?"

"म्हणजे राहिली. तिथंच."

त्याला ते पटेना. तिथंच फलाटावर उभं राहून त्यानं फोन लावला, चिडून, जोरात बोलायच्या तयारीत. फोन वत्सलानं उचलला. मला शेजारी उभीला ऐकू येत होतं.

"ताई? ताई सो रही है. खाना खाया, सो गई. उठाऊँ?"

मिलिंद माझ्याकडं बघत राहिला. आमच्या दोघांच्या उभ्या आयुष्यात आई दुपारी कधी झोपली नव्हती. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ती मशीनवर असायची, नोकरीवरून यायचो तेव्हा निवडण-टिपण करत असायची. तापातसुद्धा ती बसूनच असायची.

"उठाऊँ क्या?" वत्सलानं पुन्हा विचारलं.

मिलिंदनं आवाज एकदम खाली आणला, जणू ती तिथंच, पलीकडच्या बाकावर झोपलीय.

"नका," तो म्हणाला. "नका उठवू. झोपू द्या तिला."